पिस्टन आधी, बोअर नंतर

जुनी इंजिनं हाताळणारा कुठलाही बोअरिंगवाला पहिल्या भेटीत एकच गोष्ट बजावतो. "आधी पिस्टन आना भाऊ, मंग बोअर मारू." नवख्याच्या डोक्यात क्रम उलटा असतो. ब्लॉक झिजलाय, तर तो आधी नीट करून घ्यावा आणि मग त्यात बसणारे पिस्टन शोधावेत, हे वरवर पटतंही. पण एकाच मापाच्या छापील डब्यातून निघालेले पिस्टनसुद्धा एकमेकांपासून शतांश मिलिमीटरच्या हिशोबात वेगळे असतात. पिस्टनचं माप आपण बदलू शकत नाही, सिलिंडर मात्र मोठा करता येतो, आणि मोठा केलेला सिलिंडर परत लहान होत नाही. म्हणून पिस्टन हातात घ्यायचा, मायक्रोमीटरने मोजायचा, त्यावर ठरलेली फट मिळवायची आणि तेवढाच सिलिंडर कापायचा. चार पिस्टन, चार वेगळी मापं, चार वेगळे बोअर. घरी इंजिन बांधण्याची सगळी शिस्त या एका क्रमात आहे, असं मला वाटतं. जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी करायचं.

हे लिहितोय आष्टीतून. वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते १६ ऑगस्ट १९४२ च्या पोलीस ठाण्यावरच्या मोर्चामुळे. शहीद आष्टी हे नाव तेव्हापासूनचं. पलीकडे अमरावती जिल्ह्यातले मोर्शी आणि वरुड, मध्ये वर्धा नदी, आणि दोन्ही काठांना संत्र्याच्या बागा. जुन्या मोटारीच्या हौसेचा विषय निघाला की लोकांना मुंबई-पुण्याच्या रॅली आठवतात, पॉलिश केलेले बोनेट आठवतात. पण इंजिन खोलून बांधण्याची विद्या आमच्याकडे मोटारीतून आलीच नाही. ती विहिरीच्या काठावरून आली.

आंबिया बहाराला डिसेंबरात बागेला ताण देतात. जानेवारीत पाणी सुटलं की फुलं येतात, आणि तिथून पावसाळ्यापर्यंत बागेला पाणी कमी पडता कामा नये. एप्रिल-मे महिन्यात विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडलं तर फळगळ सुरू होते. शहरातून मेकॅनिक येईपर्यंत थांबायला कुणाला वेळ होता? किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात उभी राहिली आणि तिची पाच अश्वशक्तीची एकसिलिंडर इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर बसली. त्यांतल्या एव्ही-१ चा बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, वेग मिनिटाला १५०० फेरे. ते इंजिन ज्यांनी वापरलं त्यांनी ते खोललंही. रिंगा बदलणं, नॉझल साफ करणं, व्हॉल्व्ह घासून बसवणं ही कामं शेतकऱ्यांनी बाभळीच्या सावलीत, पोत्यावर भाग मांडून केली. पुढे वीजपंप आले, आता सौरपंप येताहेत, आणि हे चांगलंच झालं. रात्री-बेरात्री हँडल मारून इंजिन सुरू करण्याच्या कष्टांबद्दल कुणी हळहळू नये. पण ती विद्या अजून साठीपुढच्या माणसांच्या हातात आहे आणि तिला आता काम नाही. ओसरीत माझ्या मोटारीचं इंजिन उघडं पडलेलं दिसलं की हीच माणसं थांबतात, वाकून बघतात आणि पहिला प्रश्न अचूक विचारतात. "ऑइल खात होती का धूर मारत होती?"

इंजिन प्रीमियर पद्मिनीचं आहे. घरी शिकण्यासाठी याहून बरं इंजिन आपल्या देशात मिळणं कठीण. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच गाडी १९७० च्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि २००० सालापर्यंत बनत राहिली. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर, मिळून १०८९ सीसी. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या जरा वर. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, क्रँकला तीन मुख्य बेअरिंगं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच. तिथून पुशरॉड वर जातात आणि रॉकरने व्हॉल्व्ह दाबतात. एकही भाग कशाच्या आड लपलेला नाही. इलेक्ट्रॉनिक डबा नाही, सेन्सर नाही. पाने, गोट्या, फीलर गेज, मायक्रोमीटर आणि टॉर्क पाना एवढ्या हत्यारांत ते तळापर्यंत खोलता येतं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी या साधेपणाच्या जोरावर ही गाडी अनेक दशकं ओढली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या पद्मिनीची मुंबई संपली. हौशी माणसासाठी या तारखेला वेगळा अर्थ आहे. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाग मिळत, कारण रोज गिऱ्हाईक होतं. आता जे मिळतं ते उरलेल्या साठ्यातून.

खोलण्याचं काम सोपं आहे आणि तेच सगळ्यात जास्त बिघडतं. कारण खोलताना हात सुटतो. मेन बेअरिंगच्या टोप्या ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी आणि त्याच दिशेने परत बसल्या पाहिजेत. कारखान्यात त्या ब्लॉकला बोल्ट करून एकत्रच कापलेल्या असतात. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांचंही तेच. पुशरॉड आणि टॅपेट यांनी आपापल्या जोडीदाराबरोबर झिजून एक बैठक धरलेली असते, ती मोडायची नाही. त्यासाठी पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर आकडे लिहायचे आणि प्रत्येक दांडी आपल्या आकड्यात खोचायची. धुलाई पूर्वी रॉकेलात व्हायची. रेशनचं रॉकेल आटलं तसं आता डिझेल वापरतात.

मग मोजणं. इंजिनाच्या कामात सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि गॅरेजवाल्याला नेमका यासाठीच वेळ नसतो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर आला की त्या टोकाशी ज्वलनाचा दाब सर्वांत जास्त असतो, रिंगा भिंतीवर जोराने रेटल्या जातात आणि तिथे तेलही कमी पोचतं. म्हणून वरच्या बाजूला झीज जास्त, खाली कमी. सिलिंडर हळूहळू निमुळता होत जातो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका बाजूला दाबतो, त्यामुळे तोंड गोल न राहता लंबगोल होतं. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं मोजून कागदावर मांडलं की इंजिनाने काढलेलं आयुष्य आकड्यांत दिसतं. कुठल्या सिलिंडरला तेल कमी पोचलं, कुठे एअर फिल्टरमधून धूळ गेली, सगळं. या भागातली काळ्या मातीची धूळ वैशाखात कुठल्याही फटीतून आत जाते. एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालेल्या गाडीचे सिलिंडर वरच्या रिंगच्या रेषेवर नख अडेल इतके खोल गेलेले असतात.

झीज का सोसत नाही, हे वेगाचा हिशोब केला की कळतं. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर हा पिस्टन प्रत्येक फेरीत ७५ मिलिमीटर वर आणि ७५ खाली जातो, म्हणजे सरासरी सेकंदाला दहा मीटर. दर सेकंदाला तो शंभराहून जास्त वेळा दिशा बदलतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला दोन हजार स्फोट होतात. आणि क्रँक ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथली फट साधारण शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी ठेवतात, म्हणजे मिलिमीटरचे काही शतांश. त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो, आणि धातू धातूला टेकत नाही ते केवळ त्या पापुद्र्यामुळे. फट जास्त झाली तर तेल बाजूने निसटतं आणि दाब पडतो. कमी झाली तर तेल शिरत नाही, बेअरिंग तापून पकडतं. फट तपासायला प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक दोरी मिळते. ती शाफ्टवर ठेवून टोपी नेमक्या टॉर्कवर आवळायची, परत खोलायची आणि चपटी झालेली दोरी सोबतच्या कागदी पट्टीशी जुळवून रुंदी वाचायची. या कामात क्रँक अजिबात फिरवायचा नाही.

आमच्या भागात पद्मिनीचं हेड हा सगळ्यात दुखरा भाग. बोअरवेलचं पाणी जड, चुनखडीचं. तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं की हेडच्या आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांमध्ये पांढरा थर धरतो. पाणी फिरतं, पण थराआड उष्णता अडकते. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, त्यात चढ, त्यात भरलेली गाडी. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, हेड वाकतं, गॅस्केट फुटते. पुष्कळ जण नवी गॅस्केट टाकून मोकळे होतात आणि सहा महिन्यांत परत येतात. सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि तिरकी ठेवून तिच्याखाली फीलर गेजची पातळ पात सरकते का हे बघणं एवढीच परीक्षा आहे. पाच शतांशांची पात सरकली की हेड फेसिंगला पाठवायचं. पाण्याच्या वाटा तारेने आणि सौम्य आम्लाने मोकळ्या करायच्या, आणि पुढे त्यात शुद्ध पाणी आणि कूलंट यांशिवाय काही घालायचं नाही.

ब्लॉक मी अमरावतीला नेला. बोअरिंगच्या मशीनवरचा माणूस काम करताना बोलत नाही, आणि बोलू नयेच. कापणं झाल्यावर होनिंगचे दगड सिलिंडरमध्ये फिरतात आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा उमटतात. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. मशीनवाला ब्लॉक देताना म्हणाला, "घरी गेल्यावर साबनाच्या पान्यानं धुवा. रॉकेल-डिझेलनं दगडाची भुकटी निघत नाही." हे खरं आहे. होनिंगचे कण रेघांत रुतून बसतात आणि तेलकट द्रवाने ते नुसते पसरतात. गरम पाणी, साबण, ब्रश, आणि पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुणं. मग लगेच तेल, कारण पावसाळ्याच्या हवेत उघड्या बिडावर तासाभरात गंज चढतो. इंजिन भरण्याचं काम मी श्रावणात धरतो. गंजाचा उपाय तेलाने होतो, वैशाखातल्या धुळीचा उपाय नाही.

वर्धा जिल्ह्यात राहून यंत्राबद्दल लिहायचं आणि सेवाग्रामचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, असं ढोबळपणे बोललं जातं. पण १९२४ मध्येच त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळलं होतं. आणि १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, त्याच्या अटी वाचाव्यात. यंत्र खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकावं, आणि दर वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. या स्पर्धेसाठी किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळे यांनी चरखा तयार केला होता. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण दुरुस्तीला यंत्राच्या गुणांत बरोबरीची जागा देणारी इतकी स्पष्ट अट मी दुसरीकडे वाचलेली नाही. आज कारखान्यातून निघणाऱ्या किती यंत्रांना ती लावता येईल? केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केलं. मोटारी आणि शेतीची अवजारं त्याच्या कक्षेत आहेत. चरखा संघाची ती जुनी अट या कामात कुणीतरी टेबलावर ठेवायला हवी.

घरी यंत्र घडवणारी माणसं महाराष्ट्रात काही कमी झाली नाहीत. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी चाळीसच्या दशकात छोटी मोटार बनवायला घेतली, तिला मीरा नाव दिलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं एकामागून एक नमुने घडवत राहिले. इंजिन मागे, भाग कमी, आणि सामान्य माणसाला परवडेल अशी किंमत, ही त्यांची दिशा होती. परवाना-राज्याच्या त्या काळात उत्पादनाची वाट काही त्यांना मोकळी झाली नाही. मारुतीच्या आधी कितीतरी वर्षं एका मराठी गावातल्या कार्यशाळेत छोट्या मोटारीचा विचार एवढा पुढे गेला होता, आणि मराठी शालेय पुस्तकात त्याचा धडा नाही. मला हे सलतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून मुलासाठी छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत पसरली, आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली. महिंद्रांनी तेव्हाच हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, प्रशासन आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवेल. अडवणं योग्यच आहे. ब्रेक आणि सांगाड्याची चाचणी न झालेली गाडी हमरस्त्यावर येऊ नये. पण लोहारांच्या हातात जे होतं ते तपासून, शिकवून पुढे नेणारी जागा गावाजवळ असती तर बरं झालं असतं.

कायद्याचा प्रश्न पद्मिनीवाल्यालाही आहेच. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनं, मूळ रूपातलं खासगी वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरं येतात, नवी नोंदणी वीस हजार रुपयांची, दहा वर्षांसाठी. मात्र रोजच्या वापराला अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पद्मिनी हे नावच सत्तरच्या दशकातलं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे त्या वयाला पोचताहेत. बाकीच्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. जास्त धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हटाव्यात, हा हेतू मला मान्य आहे. म्हणून वयापेक्षा धूर मोजा, एवढंच म्हणणं. नीट बांधलेलं इंजिन त्या परीक्षेला आनंदाने उभं राहील.

पुन्हा ओसरीत. रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये एकटीच सरकवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने बघायची. या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. फट नसेल तर इंजिन तापल्यावर रिंग फुगते, टोकं भिडतात आणि ती सिलिंडरची भिंत फाडते. गरज पडली तर बारीक कानसेने, आतल्या दिशेनेच घासायचं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, पायऱ्यापायऱ्यांनी आवळायचे. टायमिंगच्या चेनवरच्या खुणा जुळवून झाल्या की क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा परत तपासायच्या. या कामाला मी दुसऱ्या माणसाला बोलावतो. संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलेले एक काकाजी येतात. त्यांनी पद्मिनी कधी चालवलेली नाही, पण क्रँक फिरवताना कुठे जड जातंय हे त्यांचा तळहात माझ्याआधी सांगतो.

जुन्या इंजिनाला आजचं पेट्रोलही समजून घ्यावं लागतं. फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते आरोग्यासाठी आवश्यकच होतं. पण ज्यांची व्हॉल्व्हची बैठक थेट बिडात कापलेली आहे, त्या हेडांची झीज शिशाविना वाढते. पद्मिनीच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये बैठका वेगळ्या बसवलेल्या असल्याने ती या संकटातून बरीचशी सुटते. इथेनॉलपासून मात्र सुटका नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा मऊ पडतो, टाकीत हवेतलं पाणी ओढलं जातं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, पंपाचा पडदा नवा, आणि सोलेक्स कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा, कारण इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं. तेलही डबा वाचून घ्यावं. सपाट टॅपेट आणि कॅम यांना जस्ताचं रसायन लागतं, आणि नव्या गाड्यांच्या तेलांत ते कमी केलेलं असतं.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून ठेवायचे आणि तेलाचा दाब दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवायचं. मग प्लग लावून सुरू. नव्या कॅमचं इंजिन लगेच मंद गतीवर सोडायचं नाही. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास वीसेक मिनिटं धरायचं, म्हणजे कॅमवर तेल उडत राहतं. त्यानंतर बंद, पूर्ण थंड, आणि हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर.

आता गाडी आष्टी ते तळेगाव रस्त्यावर निघते. रिंगा बसायला वेग सतत बदलता हवा. थोडा भार द्यायचा, मग सोडायचा. एकाच वेगाने रांगत चालवलं तर रिंगा भिंतीला घासून बसण्याआधीच भिंत चकाकते आणि मग गाडी आयुष्यभर तेल खाते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तेल पांढऱ्या फडक्यातून गाळायचं आणि गाळावरून चुंबक फिरवायचा. बारीक करडी भुकटी चिकटली तर ठीक, ती रिंगांची आणि बोअरची. पिवळसर किंवा रुपेरी कपच्या फडक्यावर राहिल्या आणि चुंबकाला लागल्या नाहीत, तर ते बेअरिंग आहे. मग गाडी तिथेच उभी करायची, पॅन उतरवायचं आणि टोप्या एकेक करून परत उघडायच्या.